कोरड्या लेनचा बॉल

बोलिंग ॲलीच्या जिन्याखाली माझं दुकान आहे. जड बॉल लाकडी लेनवरून सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ. त्या बॉलला बोटांसाठी भोकं पाडून देणं माझं काम. दोन यंत्रं, एक स्टूल आणि गिऱ्हाइकांच्या मापांचा खोका. भोकं तीनच असतात, पण ती कुठे पाडायची यावर लोक जेवढा वाद घालतात तेवढा घर बांधताना घालत नसतील.

गुरुवारी दादा नवा बॉल घेऊन आला. माझा थोरला भाऊ. वीस वर्षं संघात आहे, आणि शनिवारी पाचांतून चार जण निवडायचे होते. बॉल घसरत जावा म्हणून लेनवर तेल घालतात; त्यात मालकाने हात आखडता घेतल्यामुळे लेन कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. अशा लेनवर बॉल लवकर पकड घेतो आणि पिनांपर्यंत पोचायच्या आतच वळून बसतो.

म्हणून दादाला मवाळ लेआउट, म्हणजे भोकांची मवाळ मांडणी, हवा होता. बॉलवर एक रंगीत ठिपका असतो, आतला जड गाभा कुठे आहे ते सांगणारा. बॉल ज्या बिंदूभोवती फिरतो त्यापासून हा ठिपका लांब पडेल अशी भोकं पाडली, की बॉल कमी वळतो. आपल्या हाताला आवर घालावा लागतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

हा बिंदू प्रत्येकाचा वेगळा. दादाचा माझ्याकडे लिहिलेला होता, आठ वर्षांपूर्वीचा. तरी रीत म्हणून मी त्याच्या जुन्या बॉलला पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्याला तीनदा टाकायला लावलं. बिंदू पाऊण इंच सरकला होता. पिनांपर्यंत जाताना पट्टी नऊ वेळा फिरली. पूर्वी पंधरा वेळा फिरायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ धडधाकट होता आणि पीळ गेला होता. अशा हाताला कोरडी लेन उलट मदतच करते. मवाळ लेआउट दिला तर बॉल वळणारच नाही.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मिठाची गुळणी धरली. त्याने विचारलं, माप तेच ना? मी म्हणालो, तेच. आणि जुन्या मापाने भोकं पाडली. मला त्याची दया आली होती, आणि दया आली की माझं डोकं चालत नाही.

शनिवारी बॉल नाकासमोर चालत गेला. पहिल्या डावात दादा हसला, दुसऱ्यात उभं राहायची जागा बदलली, तिसऱ्यात मनगट इतकं पिरगाळलं की मला बघवेना. कोपऱ्यातल्या पिना उभ्या त्या उभ्याच. दादा पाचवा आला. निवडलेल्या चौघांशी हात मिळवून तो जिन्याखाली आला आणि स्टुलावर बसला.

मी लेनला शिव्या घालायला सुरुवात केली. त्याने बॉल मांडीवर घेतला आणि ठिपक्यापासून भोकांपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं.

“गुरुवारी तुला कळलं होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला वाईट वाटलं असतं, दादा.”

त्याने बॉल हळूच खाली ठेवला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

“बाबांशी आपण त्यांच्या शेवटच्या वर्षात असंच बोलायचो,” तो म्हणाला. “तेव्हा मला वाटायचं, त्यांना कळत नाही.”