बरणीतले बेट

फाल्गुनातले ऊन आले. समोरच्या उत्तुंग इमारतीच्या खांद्यावरून घसरत आले, गजांतून वाकत आले, आणि खिडकीच्या कट्ट्यावर क्षणभर टेकले. फिकट, पीतवर्ण, श्रांत ऊन. त्या उन्हात काचेची एक बरणी उजळली, आणि बरणीत एक अरण्य उजळले.

वीतभर अरण्य ते. खाली ओलसर कृष्णमृत्तिका, तिच्यावर शेवाळाची मखमल, आणि मखमलीतून उठलेले बुटक्या बांबूचे बेट. काडीसारखी त्याची कृश कांडी, पोपटी त्याची पाने. झाकणाच्या आतून थेंब जमत, थेंब ओघळत. कधी बाहेर न पडणारा एक पाऊस त्या काचेत अहोरात्र पडे.

बरणीसमोर खाट होती. खाटेवर केवळाबाई होती. उजवे अंग अर्धांगवायूने निजलेले, डावे अंग तेवढे जागे. एके काळी त्याच उजव्या हातातून सुपे झरत, दुरड्या उमलत. सटवाजी बांबू चिरी, केवळा विणी; बुरूडआळीत ह्या दांपत्याची कीर्ती होती. आता सटवाजी तिला उठवी, बसवी, भरवी, कुशीवर वळवी. पुन्हा उठवी, पुन्हा बसवी. त्याच्या पाठीचा कणा जुन्या कावडीसारखा करकरे.

"एकदा बेट बघू द्या मला," ती म्हणाली होती. तिला रानापर्यंत नेण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते. म्हणून त्याने नर्सरीतून तो बुटका बांबू आणला, लोणच्याची बरणी धुतली, आणि रानच तिच्या दृष्टीसमोर आणून ठेवले. दिवसभर ती त्याकडे पाही. त्याकडेच पाही.

काचेतल्या पावसाला भुलून एके दिवशी कोंब आला. तिलाच तो प्रथम दिसला. शुभ्र-जांभळा, सुकुमार, टोकदार. तो वर चढला, झाकणाला भिडला, आणि मान वाकवून उभा राहिला. जुन्या कांड्यांची दाटी त्याच्याभोवती आवळत गेली. पाने कुजली. शेवाळावर बुरशीचे श्वेत जाळे पसरले.

"जुनी तोडा की," केवळा अडखळत म्हणाली.

"होळी होऊ दे. वद्य लागू दे. चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, तुला ठाव न्हाई व्हय?"

"बरणीत कुठला आलाय चांदवा?"

"आज्या-पणज्यानं पाळलं, ते मी मोडू?"

"मग बसा चंद्राकडं बघत. कोंब काय थांबतोय."

सटवाजी थांबला. चंद्र मात्र वाढत गेला, आणि बुरशीही वाढत गेली. कोंबाच्या अग्रावर एक तांबूस डाग पडला. त्या दिवशी केवळाने डोळे मिटून घेतले. ऊन आले, तिने पाहिले नाही. ऊन गेले, तिने पाहिले नाही. तोंडाशी आलेला घासही तिने ओठांनी परतवला.

मिटल्या डोळ्यांनीच ती बोलली, "जुन्यानं जागा अडवली की असंच हुतं. मी न्हाई का तुमची अडवली."

सटवाजी उठला. त्याने कोनाड्यातला सुरा काढला. बाहेर शुक्ल पक्ष होता, आणि दुपारच्याच आकाशात अपुरा चंद्र उगवला होता. त्या चंद्राकडे पाठ करून त्याने झाकण उघडले. ओल्या मातीचा गंध खोलीभर दरवळला. एकेक जुने कांडे त्याने बुडाशी छेदले, कोंबाला धक्का न लावता, बाळंतिणीच्या खोलीत वावरावे तसे. बुरशी पुसली. कोंब तसाच वाकलेला राहिला. पण त्याच्याभोवती आता आकाश होते, मूठभर का होईना.

ती कांडी त्याने टाकली नाहीत. इतकी बारीक की चिरता येईनात. मग अखंडच वळवली. आडवे घातले, उभे घातले, काठ बांधला. लिंबाएवढी एक दुरडी झाली, किंचित वाकडी.

ती त्याने तिच्या निजलेल्या उजव्या तळहातावर ठेवली.

"कोवळ्याची दुरडी हुईत न्हाई, केवळे. सुकली की आक्रसती. जुन्याचीच लागती."

तिने डोळे उघडले. दुरडी पाहिली. डाव्या बोटाने तिचा काठ चाचपला.

"काठ ढिला हाय," ती म्हणाली.

"तूच आवळ."

ऊन कट्ट्यावरून उतरले, खाटेवरून सरकले, त्या तळहातावर आले. वाकलेल्या मानेचा कोंब उघड्या बरणीत उभा होता; आणि एक जागे बोट, सावकाश, फार सावकाश, एक हिरवा काठ आवळत होते.