धावणाऱ्या मुली पुसल्या गेल्या

मुकुंद सरांनी माझे फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि अख्खी नववी खिदळली. शंभर मीटरची शर्यत, अन् एकाही मुलीला चेहरा नाही! नुसते फराटे.

"तनुजा, भुतं पळवलीस का गं?" सर म्हणाले.

ज्याचे फोटो चांगले, त्याच्याकडं शाळेचा कॅमेरा वर्षभर राहणार होता. वर्षभर! मी तर आईला कपाटाचा वरचा खणसुद्धा रिकामा करायला लावला होता. पण सरांनी नाव घेतलं हिमानीचं. सकाळच्या लांब उडीचे फोटो तिनं काढले होते, लई भारी. मैत्रीणच माझी, मी जोरात टाळ्या वाजवल्या.

"तुझा हात हलला असेल गं," ती म्हणाली.

हात हलला असता तर मागची चुन्याची रेघ, झेंडे सगळंच हललं असतं. ते तर लख्ख होते. म्हणजे शटर हळू पडलं. मी तर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं होतं! मधल्या सुट्टीत फोटोची माहिती उघडली. शटर साठाव्या भागावर.

चुकून फिरलं असेल? मग भर उन्हात एवढा उजेड आत शिरून फोटो पांढरेफट्ट झाले असते. भिंगाचं छिद्र बघितलं, त्याचा आकडा मोठा तितकं ते बारीक. मी ५.६ ठेवलेलं, ते बावीसवर. कुणीतरी शटर हळू करून तेवढ्याच मापानं छिद्र बारीक केलं होतं, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मला काही कळूच नये. हे वर्गात दोघींनाच जमतं. दुसरीला मीच शिकवलं, पडेगावच्या आमच्या अंगणात, कोंबड्यांमागं पळत. आणि शर्यतीआधी माझ्या गोळाफेकीच्या वेळी (तिसरी आले, ते जाऊ द्या) कॅमेरा तिच्याच गळ्यात होता.

नळापाशी गाठलं तिला. "तूच केलंस, व्हय ना?"

आधी नाय म्हणाली. आकडे दाखवले तशी तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "सर दरवेळी तुलाच विचारतात, तनू. एक वर्ष मला मिळू दे की."

"मागायचा ना! आलटून-पालटून ठेवला असता आपण."

"तुझ्याकडून नको होता मला."

मी तडक सरांकडं गेले. सगळं सांगितलं. सरांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला.

"पण फोटो काढायच्या आधी सेटिंग बघणं तुझं काम नव्हतं का?"

"व्हय सर. पण हिमानीच्या हातातून घेतला होता ना, म्हणून नाय बघितलं."