मेण काढलेले ग्लास

आईच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला आठ दिवस उरले होते तेव्हा मारिक्रूस पुएब्लाहून आली. बसमधून उतरली तेव्हा तिच्या काखेत थर्माकोलच्या शंभर ग्लासांचं पुडकं होतं. फिदेन्सिओने दारातच ते तिच्याकडून घेतलं, एकदा वर-खाली करून पाहिलं आणि परत तिच्याच हातात दिलं.

"हे बसमध्येच विसरायचं होतंस."

"पपा, साठ माणसं येणार आहेत."

"येऊ देत."

"त्यांना प्यायला कशात देणार? ओंजळीत?"

"तुझ्या आईच्या ग्लासांत."

मारिक्रूसने पुडकं खुर्चीवर ठेवलं. बाप असा तुटक बोलायला लागला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती चहा-कॉफीचं बघायला आत गेली.

फिदेन्सिओ गवंडी होता. चाळीस वर्षं त्याने आपिसाकोतल्या लोकांच्या भिंती उभ्या केल्या. गेल्या वर्षी त्याची बायको हेर्लिंदा गेली त्या रात्री मात्र त्याला स्वतःच्या घरात कोण कुठे बसलंय ते कळत नव्हतं. जागरणाला आलेल्यांना कॉफी शेजाऱ्यांनी केली, पाव त्यांनी आणले आणि ग्लासही त्यांनीच आणले, थर्माकोलचे. दफनाहून परतल्यावर त्याने फाटक उघडलं तर ते पांढरे ग्लास अंगणभर वाऱ्याने लोळत होते. तीन-चार निवडुंगाच्या काट्यांना अडकले होते. अंगातला काळा कोट न काढता त्याने ते एकेक वेचले. आलेल्या माणसाला हेर्लिंदाने कधी टाकाऊ भांड्यात पाणी दिलं नव्हतं, आणि तिच्याच मरणाला तिच्या घरात हे झालं. शेजाऱ्यांचा दोष नव्हता. लक्ष त्याने द्यायला हवं होतं. ती गोष्ट वर्षभर त्याच्या मनातून गेली नव्हती. वर्षाच्या जेवणाला तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

काच या घरात एकदा आली की बाहेर जात नसे. दुकानात मोलेचा, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्याचा, तयार मसाला ग्लासात भरून मिळतो. हेर्लिंदा मसाल्याची चव नंतर बघे, आधी ग्लास टिचकी मारून वाजवून बघे. संतांपुढे लावायच्या मेणबत्त्याही ग्लासातच ओतलेल्या असतात. मेणबत्ती संपली की ग्लास पाण्याचा. तसं तर गावात कुणाच्याही घरी पाणी मागा, ते कुठल्या ना कुठल्या संताच्या ग्लासातच येतं. पण हेर्लिंदा तेवढ्यावर थांबत नसे. कॉफीच्या बरण्यांत काळा घेवडा आणि मका. बाळांच्या खाऊच्या बुटक्या बाटल्यांची झाकणं तिने फळीच्या खालच्या अंगाला खिळ्याने ठोकून घेतली होती. बाटली फिरवली की लवंग हातात, उलटी फिरवली की परत जागेवर. फिदेन्सिओचे खिळे आणि स्क्रूही तिने तसेच टांगून दिले होते. मोजे रफू करताना टाचेत बरणी घालायची. भाकरीच्या पिठातून गोल बिस्किटं कापायची ती ग्लासाच्या तोंडाने. बूड गेलेली बरणीसुद्धा ती टाकत नसे. फेब्रुवारीच्या थंडीत टोमॅटोच्या रोपावर ती टोपीसारखी बसवायची, म्हणजे दहिवराने रोप जळत नाही.

संध्याकाळी त्याने मांडणीवरचे ग्लास टेबलावर मांडले. अडतीस भरले.

"बावीस कमी," मारिक्रूस म्हणाली. पुडक्याकडे तिने मुद्दाम बघितलं नाही.

"आहेत."

"कुठे?"

त्याने मागच्या अंगणाकडे मान केली. धुण्याच्या दगडामागे, पोत्याखाली, एक लाकडी खोकं होतं. जागरणात आणि त्यानंतरच्या नऊ दिवसांच्या रोझरीच्या प्रार्थनेत लावलेल्या मेणबत्त्यांचे ग्लास त्यात होते. दहाव्या दिवशी त्याने ते जळक्या वातींसकट गोळा केले, वर पोतं टाकलं आणि वर्षभर तिकडे फिरकला नाही. आता पोतं ओढलं तेव्हा आत सव्वीस निघाले. प्रत्येकाच्या तळाशी बोटभर मेण, त्यात काळी वात आणि मेलेल्या माश्या.

मारिक्रूसने एक ग्लास उचलून आत पाहिलं. मग म्हणाली, "आईच्या मेणबत्त्यांचे?"

"हो."

"पपा, मावशीला हे आवडणार नाही."

मावशी दुसऱ्या दिवशी आली, मोलेच्या मिरच्या भाजायला आणि जेवण होईपर्यंत राहायला. ओबदुलिया हेर्लिंदाची थोरली बहीण आणि मारिक्रूसची धर्ममाता, त्यामुळे ती आणि फिदेन्सिओ एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणत आणि चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना अरे-तुरे केलं नव्हतं. भांडतानाही नाही.

"हे काय काढलंत, कोम्पाद्रे?"

"ग्लास."

"ते दिसतंय मला. हे देवळामागच्या खड्ड्यात पुरायचे असतात. नाहीतर कबरीवर नेऊन ठेवायचे."

"पाहुण्यांना यात सरबत द्यायचंय."

ओबदुलियाने हातातली मिरच्यांची पिशवी खाली ठेवली. "मेलेल्या माणसासाठी जळलेला ग्लास ओठाला लावायचा? माझ्या बहिणीचा जीव जळलाय त्यात."

"जळलं ते मेण, कोमाद्रे."

"तुम्हाला विटा कळतात. यातलं काही कळत नाही."

"तुमच्या घरात ग्लास कुठून येतात?"

"माझे संतांचे आहेत. संत मेलेले नसतात."

"मग तर त्यांना जास्त राग यायला हवा."

मारिक्रूस आत जाऊन हसली. ओबदुलिया हसली नाही. "मी यातून पिणार नाही," ती म्हणाली, "आणि चार बायकांना सांगीनही." मग तिने बाह्या वर केल्या आणि मिरच्या भाजायला बसली, कारण मोलेशी तिचं काही भांडण नव्हतं.

ठरवणं सोपं होतं. मेण काढणं फिदेन्सिओला येत नव्हतं. हेर्लिंदा हे काम करताना त्याने किमान शंभरदा पाहिली असेल, पण नेहमी पाठमोरी. ती काय करते हे कधी वाकून बघितलं नव्हतं. त्याने आपल्या मनाने पाणी उकळलं, ग्लास थंड दगडावर ओळीने मांडले आणि वरून पाणी ओतलं. पहिला ग्लास टचकन बुडापासून तडकला. दुसराही. तिसऱ्यापाशी तो थांबला. बुडात तडा गेलेले ते दोन ग्लास हातात घेऊन तो दगडावर बसून राहिला. त्या दुसऱ्या आणि पाचव्या दिवशीच्या मेणबत्त्या असतील किंवा जागरणाच्या, कळायला मार्ग नव्हता, पण आपण काहीतरी परत एकदा घालवलं असं त्याला वाटलं.

मग त्याने ग्लास आधी कोमट पाण्यात ठेवले, नंतर उकळतं पाणी घातलं. मेण सुटलं, वर तरंगलं. ते पाणी त्याने धुण्याच्या मोरीत ओतलं. दुपारपर्यंत सहा ग्लास झाले आणि संध्याकाळी मोरी तुंबली. सकाळी अंगणात घोटाभर साबणाचं पाणी, आणि त्यात ओबदुलियाच्या चपला होड्यांसारख्या तरंगत होत्या.

"मोरी कुणी बांधली ही?" मारिक्रूसने दारातून विचारलं.

"मी."

"मग बरंय, दुसऱ्याला शिव्या द्यायला नकोत."

"हसू नकोस. पहार आण."

स्वतः सिमेंटने बसवलेला पाइप त्याने स्वतःच फोडला. आत मनगटाएवढा पांढरा मेणाचा दांडा बसला होता. पाइपच्या आकाराचा, गुळगुळीत. ओबदुलिया चपला हातात घेऊन बघत उभी होती.

"हेर्लिंदा असं पाण्यात ओतायची नाही," ती म्हणाली.

"मग कसं करायची?"

"मी का सांगू?"

फिदेन्सिओने कपाळ पुसलं. "सांगू नका. मोरी मी रोज फोडीन. शनिवारपर्यंत पाच दिवस आहेत."

ओबदुलियाने त्याच्याकडे बघितलं. चिखलात गुडघ्यांवर बसलेला सदुसष्ट वर्षांचा माणूस, हातात पहार. तिने चपला पायात घातल्या, त्या पचपच वाजल्या.

"पातेल्यात तळाला फडकं घालायचं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्यात ग्लास उभे करायचे, पाणी थंडच घालायचं आणि सगळं मिळून मंद आचेवर. मेण पातळ झालं की डब्यात ओतायचं. ग्लास गरम असतानाच आतून वर्तमानपत्राने पुसायचा. थंड झाला की मग राख आणि साबण. आणि हे मी तुम्हाला प्यायला म्हणून सांगत नाहीये. मोरीची दया आली म्हणून सांगतेय."

"मोरीच्या वतीने आभार, कोमाद्रे."

वर्तमानपत्र ऐकल्यावर त्याला आठवलं. दर रविवारी हेर्लिंदा त्याच्या हातातून पेपर ओढून घ्यायची, खेळाचं पान वाचून होण्याआधीच. तो चिडायचा. ती म्हणायची, तुझी टीम हरलीच असेल, दे इकडे. ती पेपराचं काय करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

तीन दिवस तो तेच करत होता. एका वेळी चार ग्लास, त्याहून जास्त पातेल्यात मावत नसत. तळाशी वातीची पत्र्याची चकती चिकटलेली असे, ती सुरीच्या टोकाने काढावी लागे. बाहेरचा संतांच्या चित्रांचा कागद भिजवून सोलायचा. संत ज्यूडचा हिरवा झगा आणि कुमारी मातेचा निळा शालू त्याच्या नखांत जाऊन बसले. शुक्रवारी दुपारी चोवीस ग्लास स्वच्छ होते. त्याने ते मांडणीच्या वरच्या कप्प्यात, जुन्यांपासून वेगळे, ओळीने लावले. हे चोवीस घरच्यांसाठी आणि जवळच्यांसाठी, असं त्याने मनाशी ठरवलं. तिच्या शेवटच्या उजेडाचे ग्लास आपल्याच माणसांच्या हातात जावेत. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि चूक तिथेच झाली.

शनिवारी पहाटे तो टर्कीच्या हंड्याखाली लाकडं लावत होता तोपर्यंत मारिक्रूसने सगळे ग्लास काढले, एकदम टबात घातले, विसळले आणि अंगणातल्या लांब टेबलावर उपडे मांडले. फिदेन्सिओ आला तेव्हा ती शेवटचे दोन पुसत होती.

"वरच्या कप्प्यातले कुठे?"

"इथेच. सगळे इथेच आहेत."

"वेगळे ठेवले होते मी."

तिचा हात थांबला. "मला काय माहीत, पपा? धूळ बसली होती म्हणून..."

त्याने एक ग्लास उचलला, उन्हाकडे धरला. मग दुसरा. मोलेच्या मसाल्याचे ग्लास रुंद तोंडाचे होते, ते कळत होते. पण मेणबत्त्यांचे सगळे सारखे. वीस वर्षांपूर्वीचा आणि परवाचा, दोन्हींच्या बुडाला त्याच रेघा, काठाला तीच जाड कड. त्याने नाकाशी धरून पाहिलं. साबणाचा वास. तो टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, प्रत्येक ग्लास उचलत. कुठल्यातरी एकावर तरी काजळीची रेघ राहिली असेल असं त्याला वाटलं होतं. त्याने कामच इतकं चांगलं केलं होतं की काही राहिलं नव्हतं.

"पपा," मारिक्रूस हळूच म्हणाली. "मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे." त्याने हातातला ग्लास परत टेबलावर उपडा ठेवला. "सरबतात साखर घातलीस?"

"घालते."

"कमी घाल. तिला कमी आवडायची."

दहाला रोझरी झाली. बारापर्यंत अंगण भरलं. साठ म्हणता म्हणता एकसष्ट माणसं झाली. टर्की, मोले, भात, मक्याच्या गरम तोर्तिया, आणि हामाइकाच्या फुलांचं लालभडक सरबत. सगळ्यांच्या हातात काच होती. थर्माकोलचं पुडकं न फोडता खुर्चीखाली पडलं होतं आणि त्यावर कुणाचंतरी कुत्रं झोपलं होतं.

ओबदुलियाने चार बायकांना सांगितलं होतं. चौघी थोडा वेळ ग्लासाकडे बघत बसल्या. मग मोलेने आपलं काम केलं आणि चौघीही प्यायल्या. मिरची ओबदुलियानेच घातली होती, आणि सढळ हाताने. ती स्वतः मात्र भिंतीशी ताठ बसून कोरडीच जेवत होती. तिचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. फिदेन्सिओ सरबताची बरणी घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"मला मसाल्याच्या ग्लासात द्या," ती म्हणाली.

"ते सगळे गेले."

"मग एखाद्या संताच्या."

त्याने टेबलावरचा एक ग्लास घेतला आणि भरला. ती तो न घेता बघत राहिली.

"हा कुणाचा? संताचा की तिचा?"

"मला ओळखता येत नाही, कोमाद्रे. सकाळपासून शोधतोय."

ओबदुलियाने त्याच्याकडे वर बघितलं. तो चेष्टा करत नाही हे तिला कळलं. तिने ग्लास घेतला, त्यानेच केलं होतं तसा उन्हाकडे धरला, फिरवला, बुडाच्या रेघांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. तिलाही काही सापडलं नाही.

"इतका काय घासायचा," ती म्हणाली. तिचा आवाज मोलेने बसला होता की कशाने, ते सांगता येत नव्हतं. मग तिने ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा केला.

"साखर कमी आहे."

"हो."

"बरोबर आहे." तिने ग्लास पुढे केला. "भरा, कोम्पाद्रे. आणि तुम्ही घेतलंत का? बसा की घटकाभर. सकाळपासून उभे आहात."

त्याने तिचा ग्लास काठोकाठ भरला. टेबलावर आता एकच ग्लास उरला होता. त्याने तो घेतला आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसला.