उलटी चाकी

आमच्या तीन गावांचा कारभार एक केला, तेव्हा लोकांनी कोणीतरी नदीच उचलून नेल्यासारखा गहजब केला. कार्यालय एक, साहेब एक, लेखनिक एक. पाणी सोडणारे मात्र तिघेही राहिले, कारण पंप तीन होते. तिघांनी एकमेकांची गावं शिकून घ्यायची आणि आळीपाळीने सुट्टी घ्यायची, एवढाच बदल. बाकीचे कुरकुरत बसले, मी मात्र मनातल्या मनात नाचले.

आमच्या गावचं पाणी माझा नवरा सोडतो. बावीस वर्षं, रोज पहाटे साडेपाचला, एक दिवस खाडा नाही. लेकीला मुलगी होऊन सात महिने झाले, पण आजोबांनी नात पाहिली ती फोनवरच. मी दोनदा एकटी जाऊन आले. दोन्ही वेळा लेक दारात माझ्या पाठीमागे बघत राहिली.

सुट्टीआधी प्रत्येकाने आपल्या गावची वही लिहून द्यायची होती. ह्यांनी अठरा पानं लिहिली. कुठल्या गल्लीला किती मिनिटं, कुठल्या व्हॉल्व्हची चाकी किती फेरे, सगळं सुवाच्य अक्षरात. एरवी दोन ओळींची चिठ्ठी लिहितानाही ह्यांना घाम फुटतो, म्हणून मला फार कौतुक वाटलं. चार दिवसांची सुट्टी मंजूर झाली. आम्ही निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खालच्या गावचा पोरगेला पंपवाला आमचं पाणी सोडणार होता.

बसथांब्यावर ह्यांची चुळबुळ सुरू झाली. पिशवी या हातातून त्या हातात, पुन्हा या हातात.

"काय विसरलात?"

"विसरलो नाही. लिहिलं नाही."

"काय?"

"टाकीखालची मोठी चाकी उलटी फिरते. बंद करायला जावं तर उघडते. दुरुस्तीत तशीच मिळाली होती, मीच बसवली."

"आणि हे मुद्दाम लिहिलं नाहीत?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हटलं, उद्या फोन येईल. म्हणतील, तुमच्याशिवाय जमत नाही."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे गावाला कोरडं ठेवून नातीला खेळवणार होतात?"

थांब्यावरचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. शेवटी ह्यांनी फोन काढून त्या पोराला लावला. मी कान लावून उभी राहिले.

"अरे, टाकीखालची चाकी आहे ना, ती..."

"उलटी फिरते. माहीत आहे, काका."

"कसं?"

"परवा दुपारी तुमची वही घेऊन एकटाच जाऊन फिरवून पाहिली."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेबांना कळलं असतं, वही अपुरी म्हणून तुमची सुट्टी अडली असती. या जाऊन निवांत. काकूंना नमस्कार सांगा."

ह्यांनी फोन खिशात ठेवला. वाईट वाटलं असणारच, चेहऱ्यावर दिसत होतं. मी दंडावर हात ठेवला. थोड्या वेळाने हे स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "बेटा हुशार आहे."

तेवढ्यात बस आली. एरवी मला आधी चढवणारा हा माणूस माझ्या आधी चढला, खिडकीची जागा पकडली आणि वरूनच ओरडला, "अगं चल लवकर, नात वाट बघतेय!"