बावीस पायऱ्या

"दोन वाजले. कोट काढून ठेव आणि बाहेर ये," फोनवर दादा खुर्चीवालीला म्हणाला.

दादा सामान चढवणाऱ्यांचा म्होरक्या. विमानाच्या शिडीत सापडून हात मोडलेल्या एका गड्याला कंपनीनं घरी बसवलं होतं. त्याला परत घेईपर्यंत कुणी कामाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला होता तो खुर्चीवालीनं.

अकरा वर्षं ती या विमानतळावर चाकाच्या खुर्च्या ढकलत होती. आज तिच्या खुर्चीत एक आजी होत्या, खुब्यानं अधू. एक वाजताचं विमान साडेतीनवर ढकललं होतं आणि आता फलकावर नुसताच 'उशीर' दिसत होता.

"माझी पॅसेंजर अर्ध्यावर आहे रे."

"प्रत्येकाचं काही ना काही अर्ध्यावरच आहे. तूच मागं राहिलीस तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं फोन ठेवला.

आजींनी सगळं ऐकलं होतं. "जा तू, पोरी. मी बसते इथं."

"कुणाकडं निघालात?"

"लेकाकडं. उद्या सकाळी आठला सुटतोय. सहा वर्षांनी." आजींनी आवाज खाली आणला नाही. "तुरुंगाचं दार उघडेल तेव्हा समोर आपलं माणूस नको? नाहीतर त्याचं जुनं टोळकं उभं असेलच."

खुर्चीवाली बाकावरून उठली. अंगातला कंपनीचा कोट काढून, घडी घालून तिनं ड्युटीवरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि परत येऊन खुर्चीमागं उभी राहिली.

साहेब लगबगीनं आले. "एक तरी शहाणी निघाली म्हणायची!"

"मी संपावरच आहे, साहेब. या माझ्या ओळखीच्या आहेत."

"हो का? नाव काय यांचं?"

"आजी."

शेजारी कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. "विमान गेलं की गळ्यातला पास माझ्या हातात द्यायचा. मग बघतो तुझी ओळख."

पाच वाजता विमान लागलं, तेही पार लांब. बसनं सगळे तिथं पोचले, पण खुर्ची वर उचलून नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर संपावर होता.

"खुर्चीतल्या प्रवाशांना आज नेता येणार नाही. उद्या दुपारच्या विमानात जागा देते," शिडीपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली. सकाळपासून बोलणी खाऊन ती रडकुंडीला आली होती.

"उद्या दुपारी जाऊन बंद दार बघू का?" आजी म्हणाल्या. "पायऱ्या आहेत ना?"

"बावीस आहेत, आजी," खुर्चीवाली म्हणाली.

"असू देत."

आजी शिडीला पाठ करून खालच्या पायरीवर बसल्या. मग दोन्ही हात टेकून त्यांनी स्वतःला वरच्या पायरीवर ओढलं. मग आणखी एक. खुर्चीवाली त्यांचा दुखरा पाय तळव्यांवर झेलत खालून चढत होती. दुपारभर आरडाओरडा करणारे प्रवासी बाजूला सरून वाट देत होते. कुणीतरी पुढं होऊन आजींची पिशवी घेतली.

चौदाव्या पायरीवर आजी पांढऱ्याफटक पडल्या.

"बास करायचं?"

"बास कसलं? दम तर खाऊ दे!"

विमानाच्या दारात हवाईसुंदरीनं त्यांना आधार दिला. आजी मागं वळून म्हणाल्या, "जा आता. तुझी माणसं वाट बघत असतील."

खाली साहेब हात पुढं करून उभे होते. तिनं गळ्यातला पास काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस."

"संप मिटला की येईन," ती म्हणाली.

आता पास नसल्यानं साहेबांनीच तिला फाटकाबाहेर सोडलं. फुटपाथवर सगळे रांगेनं बसले होते. दादानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"आलीस?"

"आले."

ती रांगेच्या शेवटाला गेली. तिथल्या झाडूवाल्या बाईनं जरा उठून आपल्या बुडाखालचा पेपर मधोमध फाडला आणि अर्धा तिच्यासाठी जमिनीवर पसरला.