म्हशीची गोष्ट माझ्यात नव्हती

"तुला कुणी एकदा तरी शेवटपर्यंत वाचलंय का?"

हा प्रश्न मला महेश्वरीनं विचारला. स्वतःच्या मनानं नव्हे बरं का. ऋतुजा आणि अपेक्षा या तिच्या नववीच्या वर्गातल्या मैत्रिणी. शाळेचा निबंध लिहायला त्या घरी आल्या होत्या आणि फ्रिजवर मी पडलेला त्यांना दिसलो. अपेक्षानं माझ्यावरची धूळ फुंकली, दोनदा शिंकली आणि म्हणाली, "माहे, विचार की ह्याला. मोठ्यानं विचार. नाही विचारलीस तर उद्याचा तुझा डबा आमचा."

"पुस्तकाला विचारू?"

"मग? भाषणात पहिली आलीस न्हवं? आता लाजलालीस होय?"

महेश्वरी हल्ली कशालाच लाजत नाही. तिनं मला दोन्ही हातांत धरून तोंडासमोर घेतलं आणि खणखणीत आवाजात विचारलं. तिघी पोट धरून हसल्या. मग त्या दोघी घरी गेल्या, पण महेश्वरी मला परत फ्रिजवर ठेवायचं विसरली.

मित्रांनो, उत्तर मला येत होतं. पण मी एक जुनं आणि आता पार दमलेलं गोष्टींचं पुस्तक आहे. पानांची करकर सोडली तर मला आवाज नाही. म्हणून तिला द्यायचं उत्तर तुम्हाला देतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. शाईचा वास तेवढा आठवतो. छापखान्यातून मी थेट एका शाळेत गेलो, तिथं माझ्या छातीवर गोल शिक्का बसला आणि कपाटाला कुलूप लागलं. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून मुलांना द्यायची नाहीत, अशी त्या शाळेची पद्धत होती. नऊ वर्षांत मला फक्त उंदरांनी उघडलं, तेही कोपऱ्यातून. पुढे कपाट बदललं आणि मी रद्दीच्या गाडीवर आलो. माझं मुखपृष्ठ कुठं गळून पडलं ते त्या गाडीवाल्यालाही ठाऊक नसेल.

त्या गाडीवरून मला मल्लिनाथ यांनी उचललं. महेश्वरीचे अप्पा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात ते कामाला होते. चादरीवर फूल उठवायचं, मोर उठवायचा, तर मागाला आधी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लावावी लागत. ती कार्डं पाडण्यात मल्लिनाथ यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्या भोकानं पाकळी येते आणि कुठल्यानं देठ, हे ते बोट फिरवून सांगत. जुनी झालेली कार्डं शेजारी शेजारी चिकटवून त्यांनी मला नवा पुठ्ठा केला आणि चादरीच्याच सुतानं शिवलं. तशी शिलाई छापखान्यातही कुणी घातली नव्हती.

"आपल्याला कुटं येतंय मराठी वाचायला?" महेश्वरीची अव्वा, म्हणजे आई दाक्षायणी, तेव्हा म्हणाली होती. महेश्वरी पाळण्यात होती.

"पोरगी मराठी शाळेत जाणार हाय," मल्लिनाथ म्हणाले. "घरात एक तरी पुस्तक पाहिजे की."

पोरगी तीन वर्षांची झाली आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले, चहा झाला की मल्लिनाथ भिंतीला टेकून बसत. महेश्वरी मांडीवर, मी तिच्या मांडीवर. ते माझ्या ओळींखालून बोट फिरवत आणि गोष्ट सांगत. बोट डावीकडून उजवीकडे अगदी बरोबर जाई. ओळ संपली की खालच्या ओळीवर येई. पान उलटताना बोटाला थुंकी लागे, ते मी माफ करत असे.

फक्त ती गोष्ट माझी नसे. माझ्या चौथ्या पानावर एक राजा आहे. मल्लिनाथ त्या पानावर म्हशीची गोष्ट सांगत. तळ्यात चंद्र पडलाय, तो पोटात गेला तर जगात अंधार होईल, म्हणून तहान लागलेली असून पाणी न पिणारी म्हैस. खरं सांगू? माझा राजा त्या म्हशीपुढे अगदीच फिका होता. रोज म्हैस नवं काहीतरी बोले. महेश्वरी श्वास धरून ऐके आणि शाळेत सगळ्यांना सांगे, "माझे अप्पा मला रोज पुस्तक वाचून दाखवतात." मला कुणी वाचत नव्हतं, तरी एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

महेश्वरी दुसरीत गेली. जोडाक्षरं यायला लागली की मुलं दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नाहीत. त्या संध्याकाळी मल्लिनाथ यांचे थोरले भाऊ गुरुशांत आणि त्यांची बायको पाहुणे आले होते. गोष्ट रंगात आली होती. महेश्वरीनं एकदम अप्पांचं बोट धरलं.

"अप्पा, इथं म्हैस नाहीच. इथं राजा लिहिलंय. तुम्ही खोटं वाचता."

गुरुशांतांनी मांडीवर थाप मारली. "मल्ल्या, पकडलं की रे पोरीनं तुला!" काकू पदर तोंडाला लावून हसली. मल्लिनाथही हसले. "डोळं काम करंनात," ते म्हणाले. "चष्मा करायला पाहिजे." त्यांनी मला हळूच मिटलं आणि कपाटावर ठेवलं.

चष्मा काही त्यांनी केला नाही. मला मात्र पुन्हा हातात घेतलं नाही.

माझ्यातल्या एका शब्दानं त्यांना उघडं पाडलं होतं. तो शब्द मला पानावरून पुसून टाकता आला असता तर मी पुसला असता. सात वर्षं हेच मनात घोळवत पडून राहिलो. वाऱ्यानं आपटणारी खिडकी अडवायला मला लावलं. चहाचं गरम पातेलं माझ्यावर टेकवलं, त्याचा गोल डाग शाळेच्या शिक्क्यापेक्षा ठळक आहे. पानांना कसर लागली. मधल्या काळात घरात शिवलीला जन्मली आणि बघता बघता पहिलीत गेली. कारखान्यात कॉम्प्युटर आला, कार्डं पाडायचं काम गेलं, मल्लिनाथ मागावर उभे राहू लागले. संध्याकाळी ते येत, चहा घेत आणि भिंतीला टेकून मोबाईल बघत. शिवलीला शेजारी बसून तोच मोबाईल बघे. कुणी कुणाला काही सांगत नसे. त्यांचं बोट एकदा माझ्या ओळींखालून फिरावं आणि गोष्ट या धाकटीलाही मिळावी, एवढीच माझी इच्छा होती. मग तीही करायचा कंटाळा येऊ लागला.

तर, मैत्रिणी गेल्यावर महेश्वरी उंबऱ्यावर बसली आणि मला पहिल्या पानापासून वाचू लागली. पैजेचा प्रश्न तिला बहुतेक टोचला असावा. माझ्या अकराही गोष्टी तिनं संपवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण वाचला गेलो. आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त झोप येत होती. ती मात्र पानं पुन्हा मागे उलटू लागली. काहीतरी शोधत होती.

"शिवे, ती म्हशीची गोष्ट माहितेय ना तुला?"

"कुठली म्हैस?" शिवलीला म्हणाली.

"अगं, तळ्यात चंद्र पडतो म्हणून पाणी पीत नाही ती."

"मग? शेवटी पिती का?"

महेश्वरीनं चौथं पान पुन्हा उघडलं. तिला आठवेना.

एवढ्यात मल्लिनाथ पाळीवरून आले. त्यांना चपला काढायलाही न देता शिवलीलानं मला त्यांच्या हातात कोंबलं. "अप्पा, म्हैस वाचा की."

कितीतरी वर्षांनी त्या बोटांचा स्पर्श झाला. आता ती जास्त खरखरीत झालीत. त्यांनी मला उघडलं नाही. शिवलीलाकडे परत दिलं आणि सहज म्हणाले, "अक्काकडं जा. ती बरोबर वाचती."

ते "बरोबर" ऐकून महेश्वरीचा चेहरा असा उतरला, की मला तिच्यावरचा सगळा राग सोडून द्यावा लागला.

"अप्पा," ती म्हणाली, "ती गोष्ट कुठली होती?"

"कुठली असणार? आमच्या शाळेची. चौथीच्या पुस्तकात होती."

"म्हणजे कन्नड?"

"न्हाय, इंग्लिश," अव्वा चहा गाळता गाळता म्हणाली. "अख्खं पुस्तक पाठ हाय त्यांना. स्टँडवर विजापूरच्या गाडीची कन्नड पाटी इतक्या लांबून वाचत्यात, आन तुमाला वाटतं ड्रायव्हर वळखीचा हाय."

"मग घरी कन्नड पुस्तकं का नाही आणली?"

मल्लिनाथ खाली बसले. "आणणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, तुम्ही मराठी शाळेत. उगं आपल्यामुळं पोरींचा गोंधळ नको." कपाकडे बघत त्यांनी विचारलं, "राजाची गोष्ट बरी हाय का गं? आपल्याला काय वाचताच आली न्हाय."

"बरी नाही," महेश्वरी म्हणाली. "अगदीच बोअर आहे."

मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही. खरंच होतं ते. तुम्ही पुस्तकांना कव्हर घालता, कोपरे दुमडत नाही, आम्हाला बरं वाटतं. पण घरात कुणी अडखळत, चुकीचं, आपल्या मनानं भर घालून गोष्ट सांगत असेल, तर आमची बाजू घेऊन त्याला अडवू नका. आमचा राजा सात वर्षं थांबू शकतो. सांगणारा माणूस एकदा गप्प झाला की लहान मुलं मोठी होऊन जातात.

महेश्वरी उठली. भाषणाला उभी राहते तशी खोलीच्या मधोमध उभी राहिली. शिवलीला मला पोटाशी धरून बघत होती.

"अव्वा, अप्पा, मी ठरवलंय. विचारलाले नाही, सांगलाले. उद्यापासून अप्पा मला कन्नड वाचायला शिकवणार. अ-आपासून. शिवीच्या शेजारी पाटी घेऊन बसणार मी. गुरुशांतकाका येऊ देत नाहीतर अख्खी गल्ली येऊ दे, मी चुकले की अप्पांनी सगळ्यांसमोर सांगायचं, 'चुकलीस'. मी पुस्तक मिटणार नाही."