धानावरची नजर

मैनाबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला आणि मयुरीच्या हाती दिला.

“पाहा बरं, बाई. पोळ्यापासून धानाचा मेसेजच नाही. दोनदा दुकानात दाखवला, दुकानवाला म्हणते फोन चांगला हाये.”

नागपूरच्या त्या सभागृहात नुकताच मयुरीचा सत्कार झाला होता. उमरेडच्या विणकर घरातली पोर उपग्रहाचे कॅमेरे बनवते, याचं सगळ्यांना अप्रूप. तीन वर्षांपूर्वी ती रामटेककडच्या भातशेतांच्या बांध्यांमधून स्वतः फिरली होती. धानावर रोग-कीड पडली की वरून आधी दिसेल, तुम्हाला फोनवर कळेल, हा शब्द तिचाच. मैनाबाईंनी तेव्हा सगळ्यांत आधी नंबर लिहून दिला होता.

यंदा पोळ्याच्या सुमारास तो कॅमेरा लष्कराच्या कामाला गेला. कागदावर ‘तात्पुरता’ असं होतं. मयुरीने चकार शब्द न काढता सही केली. आज स्टेजवर मात्र ती धानावरच बोलली.

तिने मोबाईल उलटसुलट करून पाहिला.

“नेटवर्कचं असेल, मावशी.”

“असन. मले काय समजते? माह्यंच काही चुकत असन.”

मैनाबाई ओशाळल्या, मोबाईल पिशवीत टाकून निघाल्या. त्यांचं ते ओशाळणं मयुरीला बघवेना. ती फाटकापर्यंत मागे धावली. तोंडी आपसूक घरची बोली आली.

“मावशी, फोन चांगला हाये. मी खोटं बोलली. आमचा कॅमेरा आता धान पाहतच नाही, सीमेवर पाहून राहिला. मी सही केली, अन् तुमाले सांगतलंबी नाही.”

मैनाबाई थांबल्या.

“म्हणून अर्ध्या बांधीले तुडतुडा लागला, तरी पत्ता नाही.” मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “सीमेवर म्हंता? माहा भूपेश तिकडंच हाये, फौजेत. दोन महिने झाले, फोन नाही. म्हंजे तुमची नजर हाये त्याच्यावर! बरं केलं वं पोरी. धान काय, पुढच्या साली होते.”

कॅमेरा सीमेच्या पलीकडे बघतो. अलीकडचं कुणी त्यात नसतं. हे सांगायला मयुरीने तोंड उघडलं. तेवढ्यात मैनाबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“दिसला तर सांगजो वं, माय बरी हाये म्हणून.”

“सांगतो, मावशी,” मयुरी म्हणाली. तिची मान वर होईना.